इंजिन सगळ्यात शेवटी

मागचं एक चाक जॅकवर उचललेलं, बाकीच्या चाकांना लाकडी ठोकळे लावलेले, गाडी न्यूट्रलमध्ये. मित्रानं टायरवर खडूची खूण केली. मी गाडीखाली आडवा झालो होतो. मी प्रोपेलर शाफ्टवर दुसरी खूण केली. त्यानं ते चाक सावकाश, मोजून दोन फेरे फिरवलं आणि मी शाफ्टचे फेरे मोजत राहिलो. तीन पूर्ण झाले, चौथा पाऊण होता होता थांबला. "पावणेचारला जरा कमी," मी खालून ओरडलो. म्हणजे मागचा रेशो ३.७३.

चाकाचे दोन फेरे का, एक का नाही, हे मला त्या दिवशी नीट कळलं. एक चाक जमिनीवर अडकलेलं असलं की डिफरन्शियल उचललेल्या चाकाला दुप्पट फिरवतं. त्यामुळे त्या चाकाचे दोन फेरे झाले, तेव्हा कुठे क्राऊन गिअरचा एक फेरा झाला. खडूचे दोन तुकडे आणि पाच मिनिटं, एवढ्यात गाडीच्या स्वभावाचा अर्धा पत्ता लागतो.

गाडी १९७० सालची शेवरले सी-१०, लांब हौद्याची. ओहायोतल्या आमच्या शेजारच्या शेतकऱ्याकडे ती कित्येक वर्षं शेडमध्ये उभी होती. आत २५० घनइंचाचं, म्हणजे ४.१ लिटरचं सरळ सहा सिलिंडरांचं इंजिन आणि तीन गिअरांचा, आपल्या जुन्या फियाट-अँबॅसिडरसारखा स्टिअरिंगखाली असलेला दांडा. ती घेतल्यापासून मी वहीत इंजिनांच्या याद्या करत बसलो होतो. मित्र मूळचा इस्लामपूरचा, त्याच्या वडिलांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. त्यानं ती वही चाळली, मिटली आणि म्हणाला, "इंजिनाचं नंतर रे. आधी मागचं बघ की."

जुन्या पिकअपसाठी इंजिन आणि गिअरबॉक्स कसा निवडावा, हे मी त्या एका वाक्यातून शिकलो. बहुतेक लोक पुढून मागे जातात: आधी मनात भरलेलं इंजिन, मग त्याला बसेल तो गिअरबॉक्स, मग जे काय होईल ते. माझ्या मते विचार मागच्या चाकापासून पुढे यायला हवा. गाडीनं काय काम करायचं, ती थांबणार कशी, टायर केवढा, मागचा रेशो किती, त्याला कुठला गिअरबॉक्स शोभेल, आणि हे सगळं ठरल्यावर इंजिन.

अमेरिकेत जुन्या पिकअपचं इंजिन बदलण्याचा छंद मोठा आहे, आणि १९६७ ते १९७२ या काळातल्या शेवरले ट्रकांना त्यात मानाचं पान आहे. नावातलं 'सी' म्हणजे फक्त मागची चाकं ओढणारी गाडी, 'के' म्हणजे चारही, आणि '१०' म्हणजे अर्ध्या टनाचा वर्ग. शिडीसारखी साधी चेसिस, बोनेटखाली ऐसपैस जागा, मागे पाट्यांऐवजी बहुतेक सी-१० गाड्यांना कॉइल स्प्रिंग, आणि आजही मिळणारे सुटे भाग. शेवरले हे नाव आपल्याकडच्या जुन्या पिढीलाही परकं नव्हतं. जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता आणि तिथून शेवरले गाड्या रस्त्यावर येत होत्या.

आता काम. पिकअप हा शब्द मराठीत दोन अर्थांनी रुळला आहे. एक म्हणजे हौदा असलेली गाडी, दुसरा म्हणजे गाडीचा उठाव: "गाडीला पिकअप नाही" असं आपण सहज म्हणतो. गाडी निवडताना या दोन अर्थांचं भांडण सुरू होतं. ज्याला सिग्नलवरून झेपावायचं आहे, त्याची गाडी वेगळी. ज्याला ट्रेलर ओढायचा आहे, त्याची वेगळी. आमचं काम ठरलेलं होतं. बागेची माती, लाकडं, आणि वर्षातून एकदा मंडळाच्या गणपतीचं मखर, पाट, सतरंज्या आणि भांडी हौद्यात भरून साठ मैलांवरच्या हॉलपर्यंत हायवेनं न्यायची. शर्यत नाही, जड ट्रेलर नाही, पण हायवेवर ६५ मैलांचा, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटरचा वेग तासभर धरता यायला हवा. जुन्या तीन गिअरांवर हे होत होतं, पण इंजिन किंचाळायचं आणि आतल्या माणसांना एकमेकांशी ओरडून बोलावं लागायचं.

त्याआधी ब्रेक. १९७० च्या सी-१० ला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. पुढचे डिस्क ब्रेक १९७१ पासून कारखान्यातूनच यायला लागले. दीड-पावणेदोन टनाच्या गाडीला दुप्पट ताकदीचं इंजिन लावून ड्रमवर भरवसा ठेवणं मला पटत नाही. १९७१-७२ च्या गाडीचे पुढचे डिस्क जुन्या गाडीवर बसवता येतात, पण त्यात एक खोच आहे. १९७० पर्यंत या गाड्यांच्या चाकांना सहा नट असत, १९७१ पासून पाच झाले. तसेच बसवले तर पुढे पाच नटांची चाकं, मागे सहा, आणि स्टेपनी कुठल्या बाजूची ठेवायची हा प्रश्न. सहा नटांच्या डिस्क वेगळ्या विकत मिळतात. आम्ही त्या घेतल्या. इंजिनाला हात लावण्याआधी गाडी सरळ रेषेत, न ओढता थांबली पाहिजे, यावर मित्र अडून बसला आणि ते योग्यच होतं.

मग हिशेब. टायर २८ इंच व्यासाचा, म्हणजे एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर रस्ता. १०५ किलोमीटरच्या वेगाला चाक मिनिटाला ७८० च्या आसपास फेरे मारतं. मागचा रेशो ३.७३ आणि वरचा गिअर थेट, एकास एक असेल तर इंजिन २,९०० फेऱ्यांवर. जुन्या गाडीतला कल्लोळ हाच. वरचा गिअर ०.७० चा ओव्हरड्राइव्ह असेल तर तोच वेग सुमारे २,००० फेऱ्यांवर मिळतो. दर मिनिटाला नऊशे फेऱ्यांची बचत, इंजिनाचा एकही नट न बदलता.

आता दुसरं टोक, जागेवरून निघणं. पहिल्या गिअरचा आकडा आणि मागचा रेशो यांचा गुणाकार केला की चाकाला मिळणाऱ्या ओढीचा पट कळतो. जनरल मोटर्सचा जुना तीन गिअरांचा टीएच३५० ऑटोमॅटिक घ्या: पहिला गिअर २.५२, गुणिले ३.७३, म्हणजे ९.४. चार गिअरांचा ७००आर४ घ्या: पहिला गिअर ३.०६. त्याच्यामागे ३.०७ चा मंद रेशो असला तरी गुणाकार पुन्हा ९.४ च. सुटायला दोन्ही गाड्या सारख्या, पण हायवेवर एक २,९०० वर आणि दुसरी १,७०० च्याही खाली. हा गुणाकार कागदावर पाहिला तेव्हा माझ्या वहीतल्या अर्ध्या याद्या निरर्थक ठरल्या. निर्णय इंजिनाचा वाटतो, पण गाडी हाताला कशी लागणार हे पुष्कळसं या दोन आकड्यांतच ठरलेलं असतं.

१,७०० पेक्षा कमी फेरे ऐकायला बरे वाटतात, पण भरल्या हौद्यानं चढ आला की इंजिन दमतं, गिअर सारखा खाली-वर होतो. म्हणून आम्ही ३.७३ तसाच ठेवायचं ठरवलं. या गाड्यांच्या मागच्या हाऊसिंगचं झाकण बारा बोल्टांचं असतं, आणि ते हाऊसिंग साध्या, न छेडलेल्या व्ही-८ ला सहज झेपतं. आतलं तेल बदललं, सील बदलले, दात तपासले. एवढं काम.

गिअरबॉक्सचं जग फार मोठं आहे, पण आमच्यासारख्यांच्या कामाचे मोजकेच. मॅन्युअल हवा असेल तर जुना एसएम४६५ हा बैलासारखा गिअरबॉक्स. त्याचा पहिला गिअर ६.५५ चा. ३.७३ शी गुणला की २४ च्या वर जातो. इंजिन मिनिटाला हजार फेऱ्यांवर असताना गाडी तासाला साडेपाच किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीनं सरकते. शेतातून गवताचे गठ्ठे उचलत जायला याहून चांगलं काही नाही, ट्रॅक्टरच्या मागे चालल्यासारखं. पण त्याला ओव्हरड्राइव्ह नाही, त्यामुळे हायवेवर तोच कल्लोळ. पाच गिअरांचा एनव्ही३५०० हा मधला मार्ग: पहिला ४ च्या थोडा वर, पाचवा ०.७३. पुढच्या पिढ्यांच्या ट्रकांमधून तो मिळतो आणि क्लच मारायला आवडणाऱ्यांना मी हाच सुचवेन.

ऑटोमॅटिकमध्ये टीएच३५० आणि त्याचा दांडगा भाऊ टीएच४०० हे साधे, बिनसंगणकाचे, वर्षानुवर्षं चालणारे. पण तीनच गिअर. ७००आर४ हा १९८२ मध्ये आला. चार गिअर आणि टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप, त्यामुळे कार्बोरेटरवाल्या इंजिनाला ओव्हरड्राइव्ह द्यायचा तर पहिलं नाव याचंच. त्याची एक केबल मात्र जिवाशी संबंधित आहे. कार्बोरेटरच्या खटक्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी ही केबल पाय किती दाबला आहे हे आतल्या तेलाच्या दाबाला सांगते. ती ढिली राहिली तर दाब कमी पडतो, आतल्या क्लचच्या चकत्या घसरतात आणि जळतात. बाहेरून गाडी ठीक चालते, फक्त गिअर जरा मऊ पडतात, आणि चालवणाऱ्याला ते चांगलंच वाटतं. मऊ पडणारा गिअर हे इथे आजाराचं लक्षण आहे. कार्बोरेटर बदलला की केबल ओढण्याचा कोन बदलतो, म्हणून ती जागा मोजून, पूर्ण पाय दाबल्यावर केबल पूर्ण ताणली जाते ना हे डोळ्यांनी बघूनच गाडी रस्त्यावर काढावी.

याच गिअरबॉक्सची विजेवर चालणारी आवृत्ती म्हणजे ४एल६०ई. गिअरांचे आकडे तेच, पण केबलचं काम संगणक करतो. नावातला ४ म्हणजे पुढचे गिअर, एल म्हणजे गाडीच्या लांबीत बसणारा, ६० हा ताकदीचा दर्जा आणि ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक. यापेक्षा जड कामाला ४एल८०ई आहे; तो टीएच४०० च्या घराण्यातला, वजनानं आणि आकारानं मोठा. इंजिनाची ताकद पुढे वाढवायची मनात असेल तर आधीच तो घ्यावा, कारण ४एल६०ई कारखान्याच्या ताकदीला पुरतो पण वाढवलेल्या ताकदीला लवकर हार मानतो.

इतकं झाल्यावर इंजिनाकडे यायचं. इथे एक गोष्ट आधी सांगतो, कारण जुनी पत्रकं वाचताना पुष्कळ जण फसतात. अमेरिकेत १९७१ पर्यंत हॉर्सपॉवर 'ग्रॉस' मोजत: इंजिन टेबलावर, एअर फिल्टर, सायलेन्सर, अल्टरनेटर यांचा भार न लावता. १९७२ पासून 'नेट', म्हणजे गाडीत बसवल्यासारखं सगळं लावून. त्यामुळे तेच २५० चं सहा सिलिंडरी इंजिन १९७१ मध्ये १४५ आणि १९७२ मध्ये ११० दिसतं. एका रात्रीत इंजिन अशक्त झालं नव्हतं, माप प्रामाणिक झालं. आजच्या इंजिनांचे आकडे नेट असतात. जुन्या पत्रकातल्या २५५ ची नव्या २९५ शी तुलना केली तर फरक थोडा वाटतो. गाडीत बसल्यावर तो फार मोठा असतो.

पहिला पर्याय, आहे तेच ठेवणं. याला लोक कमी लेखतात, मला ते बरोबर वाटत नाही. शेवरलेच्या २५० मध्ये क्रँकला सात मेन बेअरिंग आहेत, टायमिंगला चेन नसून थेट दाते आहेत, आणि बोनेट उघडलं की प्रत्येक भागापर्यंत हात पोचतो. सुमारे १,६०० फेऱ्यांनाच त्याची ओढ सर्वांत जास्त असते, म्हणजे तळातून ओढणारं इंजिन. गावात फिरायचं, बागेची माती आणायची, तर रिंगा-बेअरिंग बदलून, हेड घासून तेच बसवावं. सोबत पाच गिअरांचा गिअरबॉक्स दिला तर ते हायवेलाही कुरकुरत नाही.

दुसरा पर्याय जुना स्मॉल-ब्लॉक व्ही-८. हे घराणं १९५५ मध्ये २६५ घनइंचांपासून सुरू झालं आणि जगातल्या सर्वांत जास्त बनलेल्या इंजिनांपैकी एक ठरलं. २०११ मध्ये जनरल मोटर्सनं दहा कोटीवं स्मॉल-ब्लॉक बनवलं, अर्थात त्यात नव्या पिढ्याही धरलेल्या. आमच्या गाडीच्या काळात ३०७ आणि ३५० ही त्यातली नेहमीची. ३५० सी-१० मध्ये मुळातच येत असल्यामुळे फाउंडेशन, रेडिएटर, सायलेन्सर, सगळं तयार मिळतं. पेटीबंद नवं इंजिनही विकत मिळतं. जुन्या ३५० चं एक पथ्य आहे: त्याचे टॅपेट कॅमवर घासत चालतात, रोलरवर नाहीत. अशा कॅमला जस्त-फॉस्फरसचं प्रमाण जास्त असलेलं तेल लागतं, आणि आजच्या गाड्यांच्या तेलात ते कमी केलेलं आहे. नव्या कॅमची पहिली वीसेक मिनिटं इंजिन २,००० च्या आसपास फेऱ्यांवर चालतं ठेवावं लागतं. तिथे आळस केला तर कॅमच्या टेकड्या झिजून सपाट होतात आणि धातूचा चुरा सगळ्या इंजिनात फिरतो. हे नको असेल तर १९९६ ते २००० च्या ट्रकांमधलं रोलर कॅमचं व्हॉर्टेक ३५० शोधावं. जुन्या फाउंडेशनवर ते बसतं, त्याची हेडं चांगली श्वास घेतात, आणि त्या हेडांना जुळणारा वेगळा मॅनिफोल्ड घेतला की त्यावर कार्बोरेटरही चालतो. ज्याला संगणक नकोसा वाटतो आणि भरवशाची गाडी हवी आहे, त्याच्यासाठी व्हॉर्टेक ३५० आणि ७००आर४ ही जोडी मला सगळ्यात समजूतदार वाटते.

तिसरा पर्याय, जो आम्ही घेतला, तो एलएस घराण्याचा. हे नवं व्ही-८ १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आलं आणि १९९९ पासून सिल्व्हराडो, सिएरा, टाहो, सबर्बन अशा लाखो गाड्यांत ४.८, ५.३ आणि ६.० लिटरच्या रूपात बसलं. ट्रकांतल्या ५.३ चा ब्लॉक बिडाचा आणि हेडं ॲल्युमिनियमची. २००४ च्या ५.३ ची नेट ताकद २९५ हॉर्सपॉवर, ४,००० फेऱ्यांना सुमारे ४५४ न्यूटन-मीटर ओढ. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल, डिस्ट्रिब्युटर नाही, थंडीत एका किल्लीत चालू. अपघातात मोडलेल्या गाड्यांमुळे भंगारवाल्यांकडे ही इंजिनं ढिगानं येतात. निवडताना एक फरक लक्षात ठेवावा: २००७ च्या सुमारापासूनच्या ५.३ मध्ये हलक्या भारावर चार सिलिंडर विश्रांतीला पाठवण्याची यंत्रणा आली, आणि तिचे खास टॅपेट बिघडण्याबद्दल ती इंजिनं बदनाम आहेत. त्याआधीचं घेतलं तर ही डोकेदुखी नाही.

मित्राचा सल्ला इथेही उपयोगी पडला: इंजिन एकटं घेऊ नकोस, गाडीच विकत घे, किंवा निदान इंजिन, ४एल६०ई, संगणक, वायरिंग आणि ॲक्सिलरेटरचं पेडल एकाच गाडीतून उतरवून घे. २००३ नंतरच्या बहुतेक ट्रकांत पेडलपासून थ्रॉटलपर्यंत केबल नसते, तारेतून संदेश जातो. पेडल, त्याचा नियंत्रक आणि संगणक एकमेकांच्या ओळखीचे हवेत. तीन भंगारवाल्यांकडून तीन भाग आणले तर ते कधी एकमेकांशी बोलत नाहीत. एकाच संगणकानं इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही सांभाळणं हा या जोडीचा खरा फायदा.

जुना टीएच३५० हाताशी आहे म्हणून तो एलएसला लावायचा मोह पुष्कळांना होतो. बोल्ट जवळजवळ सगळे जुळतात, त्यामुळे तो बसतोही. पण एलएसच्या क्रँकची मागची तबकडी जुन्या स्मॉल-ब्लॉकपेक्षा सुमारे दहा मिलिमीटर पुढे असते. मधला स्पेसर न टाकता बोल्ट आवळले तर कन्व्हर्टर पुढे खेचला जातो आणि गिअरबॉक्समधल्या ऑइल पंपाच्या दातांत नीट बसत नाही. पहिल्याच दिवशी पंप फुटतो. दहा मिलिमीटर म्हणजे करंगळीची रुंदी, आणि त्यापायी गिअरबॉक्स जातो.

पेट्रोलची टाकी हा आणखी एक मुद्दा. या गाड्यांत ती केबिनमध्ये, सीटच्या मागे असते. कार्बोरेटरला पेट्रोल हलक्या दाबानं लागतं, साधारण ०.४ बार. एलएसच्या इंजेक्टरांना ४ बार, म्हणजे दसपट. पंप टाकीच्या आतच बुडालेला असावा, म्हणजे तो गार राहतो. आम्ही जुनी टाकी काढली आणि हौद्याखाली चेसिसच्या दोन दांड्यांमध्ये नवी बसवली. पाठीमागे पेट्रोल घेऊन बसण्याची सवय एकदाची सुटली, आणि सीटमागे जागा झाली ती वेगळीच.

इंजिन आम्ही एका शनिवारी खाली सोडलं आणि रविवारी परत वर काढलं. इंजिनाच्या मूळ ट्रकचं ऑइल चेंबर खोल असतं; सी-१० मध्ये ते पुढच्या आडव्या दांड्याच्या खाली लोंबायला लागलं. ट्रकच्या त्या चेंबरखाली एखादा दगड आला असता तर सगळं तेल रस्त्यावर. मी वाचलं होतं, पण "बघू, बसेल" म्हणून सोडून दिलं होतं. उथळ चेंबर मागवलं, त्याच्याबरोबरची तेल ओढायची नळीही बदलली, आणि दुसऱ्यांदा क्रेन लावली. हेडांच्या वरच्या बाजूला वाफ बाहेर काढणारी बारीक नळी असते, ती या वेळी विसरलो नाही. जुन्या इंजिनांना तसली नळी नसते म्हणून काही जण ती बुजवून टाकतात. मग हेडमध्ये वाफ कोंडते आणि तापमानाचा काटा शांत दिसत असताना आत धातू तापत राहतो. ती रेडिएटरच्या वरच्या भागात आणून जोडली.

पहिल्यांदा किल्ली फिरवली तेव्हा इंजिन लगेच चालू झालं आणि दोन सेकंदांत बंद पडलं. पुन्हा चालू, पुन्हा दोन सेकंद. मित्र पेट्रोलचा दाब मोजत राहिला, दाब बरोबर होता. मी वायरिंग उलगडत बसलो. संध्याकाळ झाली. शेवटी लक्षात आलं की संगणकाच्या आत चोरीविरोधी कुलूप आहे, आणि ते आपल्या मूळ गाडीची किल्ली शोधतं आहे. सापडली नाही की इंधन तोडतं. दुसऱ्या दिवशी एका जाणकारानं संगणकातली ती सूचना पुसून दिली, आणि गाडी चालू झाली ती चालूच राहिली.

लांब हौद्याच्या सी-१० चा प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा, मध्ये बेअरिंगवर टांगलेला असतो. ४एल६०ई ची लांबी जुन्या गिअरबॉक्सपेक्षा वेगळी, म्हणून पुढचा तुकडा कापून, वेल्ड करून, बॅलन्स करून घ्यावा लागला. हे काम घरी करू नये. शाफ्टचा बॅलन्स जरा चुकला की गाडी पन्नासला थरथरते आणि माणूस वर्षभर टायरांना दोष देत राहतो. गिअरबॉक्स आणि हाऊसिंग यांचे कोन एकमेकांना पूरक ठेवले तर युनिव्हर्सल जॉइंट टिकतात.

भारतातून कुणी फोटो पाहून विचारलं की जुन्या जीपला असंच करू का, तर मी आधी आरटीओकडे जायला सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२व्या कलमानुसार नोंदणीपत्रातल्या, कारखान्यानं ठरवून दिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. अमेरिकेत नियम राज्यागणिक बदलतात. प्रदूषणाबाबत सर्वांत कडक समजल्या जाणाऱ्या कॅलिफोर्नियातही १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धूर तपासणीतून सूट आहे. १९६७ ते १९७२ च्या ट्रकांना मिळणाऱ्या मायेत या सुटीचाही वाटा आहे.

आता ६५ मैलांना चौथा गिअर लागतो, मग कन्व्हर्टरचा लॉकअप बसतो आणि काटा आणखी थोडा खाली येऊन २,००० च्या जवळ स्थिरावतो. गेल्या भाद्रपदात हौद्यात मखर, समया आणि सतरंज्या ताडपत्रीखाली बांधून नेल्या. फाळका सबंध वाटेत खडखडला नाही, आणि केबिनमध्ये आरतीच्या ढोलकीवरून दोघांत चाललेला वाद मला स्पष्ट ऐकू येत होता.

काढलेलं २५० चं इंजिन स्टिअरिंगखालच्या गिअरबॉक्ससकट गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली होतं. पलीकडच्या गावातले एक निवृत्त शिक्षक ते न्यायला आले. त्यांच्या १९६८ च्या सी-१० चा ब्लॉक थंडीत पाणी गोठून तडकला होता. त्यांची गाडी रोपवाटिका आणि चर्च यापलीकडे जात नाही. व्ही-८ घ्यायचा विचार केला का, असं मी विचारलं. त्यांनी आधी माझ्याकडून खडू मागितला आणि त्यांच्या मागच्या चाकावर खूण करून घेतली. तोच ३.७३. मग इंजिन ट्रेलरवर चढवलं.